एचआरमध्ये सगळं करावं की एकच?

१. दोन ऑफर

एमबीए, एमएसडब्ल्यू किंवा कामगार कायद्याची पदविका संपत आली की एचआरच्या वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. समजा, एका मुलीच्या हातात दोन ऑफर आहेत. एक चाकणच्या कारखान्यातली: पद ‘एचआर एक्झिक्युटिव्ह’, काम पडेल ते. दुसरी हिंजवडीतल्या आयटी कंपनीतली: काम फक्त भरतीचं, पगार थोडा जास्त. कॉलेजचे सर सांगतात, “आधी प्लांट कर.” दोन वर्षं पुढे असलेली मैत्रीण म्हणते, “प्लांटला गेलीस तर कँटीन आणि बसच्या तक्रारींतच अडकशील. एक विषय धर, त्यालाच मार्केट आहे.” घरच्यांना दोन्हींतला फरक उमगत नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला एचआर म्हणजे मुलाखती घेणारी माणसं एवढंच ठाऊक असतं.

फरक असा. जनरलिस्ट एका कारखान्यातल्या किंवा विभागातल्या माणसांचं सगळंच पाहतो: भरती, हजेरी, रजा, पगार, तक्रारी, शिस्त, प्रशिक्षण, निवृत्ती. स्पेशालिस्ट यातली एकच बाजू धरतो, पण ती तळापर्यंत. कोणी फक्त भरती करतो, कोणी पगाररचना, कोणी प्रशिक्षण, कोणी युनियनशी वाटाघाटी, तर कोणी कर्मचाऱ्यांविषयीच्या आकडेवारीचा अभ्यास.

सर आणि मैत्रीण, दोघांच्याही सल्ल्यात तथ्य आहे. दोघांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली आहे, की हा फैसला एकदाच करायचा आणि तो आयुष्यभर पुरवायचा. या पेशात खरा प्रश्न ‘कुठलं’ हा नसून ‘कुठलं आधी’ हा आहे. तो नीट कळण्यासाठी हे काम मुळात वाटलं कसं गेलं, ते आधी पाहायला हवं.

२. आधी सगळेच जनरलिस्ट होते

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्यांत एचआर नावाचं खातं नव्हतं. तिथे होता जॉबर. माणूस कामावर लावायचा तो, रजा द्यायचा तो, काढूनही टाकायचा तोच. कामाला चिकटायचं तर जॉबरचा हात ओला करावा लागे. भारतातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं. भरतीचं काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावं, अशी शिफारस आयोगाने केली. हा लेबर ऑफिसर म्हणजे आजच्या एचआर मॅनेजरचा थेट पूर्वज. गिरणगावातल्या एका जुन्या अन्यायावरचा उपाय म्हणून हा पेशा भारतात रुजला, ही गोष्ट एचआरच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

माणसं तयार करणाऱ्या संस्थाही त्याच सुमाराला उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची टिस. १९४७ मध्ये बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट आली. परळची ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ची. मधल्या वर्षी, १९४८ मध्ये कारखाने अधिनियम आला आणि त्याच्या कलम ४९ने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणं बंधनकारक केलं.

या वेल्फेअर ऑफिसरच्या टेबलावर सगळंच येई. कँटीनच्या डाळीत पाणी जास्त, पाळणाघरात बाई नाही, दोन कामगारांची मारामारी, रजेचे पैसे अडकलेत, गणपतीला उचल हवी. ‘हे माझं खातं नाही’ असं म्हणायची सोय त्याला नव्हती.

३. १९७५ साली झालेली पहिली मोठी फाळणी

काम वाटलं जाण्याची सुरुवात भारतात एका मुंबईच्या कंपनीतच झाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात लार्सन अँड टुब्रोने आपली कामगिरी-मूल्यमापनाची पद्धत तपासण्यासाठी अहमदाबादच्या आयआयएममधले दोन प्राध्यापक बोलावले: उदय पारीक आणि टी. व्ही. राव. दोघेही मानसशास्त्रातले. मूल्यमापनाचा फॉर्म सुधारून ते थांबले नाहीत. त्यांनी सुचवलं की माणसाचं मूल्यमापन, त्याच्याशी मोकळं बोलणं, त्याचं प्रशिक्षण, त्याची पुढची वाट हे सगळं एकमेकांशी बांधलेलं काम आहे आणि ते हजेरी-पगार-शिस्त पाहणाऱ्या खात्यापासून वेगळं ठेवावं. त्यातून कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला मानला जातो.

यामागचं कारण आजही लागू पडतं. ज्याच्या हातात मेमो आहे, त्याच्यापाशी माणूस आपल्या उणिवा बोलत नाही. दोन कामांना लागणारा विश्वास वेगळा, म्हणून दोन माणसं वेगळी. स्पेशालिस्टचा जन्म असा कामाच्या गरजेतून झाला.

पुढे १९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे डेव्ह उलरिक यांचं ‘ह्यूमन रिसोर्स चॅम्पियन्स’ हे पुस्तक आलं आणि त्यांच्या विचारातून मोठ्या कंपन्यांनी एचआरची तीन भागांत मांडणी केली. पहिला भाग बिझनेस पार्टनरचा. हा एका व्यवसाय-विभागाला जोडलेला असतो, तिथल्या प्रमुखाबरोबर बसतो, तिथल्या माणसांचं सगळं पाहतो. म्हणजे जनरलिस्टच, नव्या नावाचा. दुसरा भाग तज्ज्ञांच्या केंद्राचा: पगाररचना, प्रशिक्षण, वरिष्ठांची भरती. हे स्पेशालिस्ट. तिसरा भाग सामायिक सेवांचा. पगारपत्रक काढणं, पत्रं देणं, शंकांना उत्तरं देणं असं सगळ्या कंपनीचं काम तिथे एकाच ठिकाणी होतं.

लग्नघरात हेच चालतं. साखरपुडा घरगुती असेल तर एकच आचारी भाजी करतो, भात लावतो आणि जिलेबीही तळतो. हजार पानांचं लग्न असेल तर जिलेबीला वेगळा माणूस बोलावतात आणि सकाळपासून तो फक्त कढईसमोर असतो. पण पंगत कधी बसवायची, मीठ कुठे कमी पडलं, वाढप्यांपैकी कोण आलं नाही, हे पाहायला कोणीतरी एक जण लागतोच. पंगत वाढली म्हणून त्याचं काम संपत नाही, उलट अवघड होतं.

४. एकच आकडा, दोन कामं

दोघांच्या कामातला फरक व्याख्येपेक्षा उदाहरणातून लवकर दिसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यातली एक तरतूद अशी: घरभाडे, प्रवास यांसारखे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. आता एका सुपरवायझरचा पगार घेऊ. महिन्याला ४०,००० रुपये. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,०००, उरलेले २६,००० वगळलेल्या भत्त्यांचे. निम्मी रक्कम २०,०००. भत्ते तिच्यापेक्षा ६,००० रुपयांनी जास्त आहेत, म्हणून ते ६,००० वेतनात जातील. कायद्याच्या दृष्टीने त्याचं वेतन १४,००० नसून २०,००० होईल.

मुख्यालयात बसलेल्या पगाररचनेच्या स्पेशालिस्टचं काम इथे सुरू होतं. ग्रॅच्युइटीचा हिशोब सरळ आहे: शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. दहा वर्षं झालेल्या या सुपरवायझरची ग्रॅच्युइटी १४,००० धरून ८०,७६९ रुपये येते. २०,००० धरून १,१५,३८५. फरक साधारण ३४,६०० रुपयांचा. असेच ८०० जण असतील तर कंपनीवरची देणी सुमारे २ कोटी ७७ लाखांनी वाढतात. ही रक्कम ताळेबंदात कशी दाखवायची, पगाराची रचना बदलायची का, बदलली तर नव्या माणसाला बाजारभावाने ऑफर देता येईल का, वेगवेगळ्या शहरांतल्या शाखांना एकच नियम लावायचा का, हे सगळं तो मांडतो. त्याच्यासमोर एकही सुपरवायझर नसतो. समोर असतो तो हजारो ओळींचा तक्ता, आणि त्यातली एक चूक हजारो घरांपर्यंत पोचते.

त्याच आठवड्यात चाकणच्या प्लांटमध्ये पहिली पाळी सुटताना आठ-दहा जण एचआरच्या खिडकीपाशी थांबतात. त्यांचा प्रश्न एकच असतो, “साहेब, पगार कमी येणार का?”

जनरलिस्टला याचं उत्तर उभ्या उभ्या द्यायचं असतं. पीएफ १२ टक्क्यांनी कापतात. आतापर्यंत १४,०००वर १,६८० कापले जात होते. पीएफसाठी वेतनाची कायदेशीर मर्यादा १५,००० आहे. कंपनीने तेवढ्यावरच कापायचं ठरवलं तर १,८०० जातील, म्हणजे हातात १२० रुपये कमी. पूर्ण २०,०००वर कापायचं ठरवलं तर २,४०० जातील, हातात ७२० कमी, पण तेवढे खात्यात जमा. हे त्याने कागदावर लिहून दाखवायचं. मग एक जण म्हणतो, घराचा हप्ता आहे, ७२० नकोत. दुसरा म्हणतो, मुलीचं लग्न आहे, पीएफ जास्त कापला तरी चालेल. तिसरा कंत्राटी आहे. तो विचारतो, “आमचं काय?” ठेकेदाराने त्याचा पीएफ भरला का, हे पाहण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते आणि जनरलिस्टला ते ठाऊक असावं लागतं.

संध्याकाळी तो मुख्यालयाला कळवतो की १५,०००च्या मर्यादेवरच राहावं, नाहीतर युनियन हा विषय करारात आणेल. तक्त्यात ही नोंद कुठेच नसते. दोघांपैकी एकाला काढलं तर दुसऱ्याचं काम फसतं.

५. वर पोचलेली माणसं कुठून आली

लीना नायर या कोल्हापूरच्या. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, मग एक्सएलआरआयमधून एचआर शिकल्या आणि १९९२ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागल्या. सुरुवातीची वर्षं त्यांनी कारखान्यांत काढली: कोलकाता, तमिळनाडूतलं अंबत्तूर आणि आपल्याकडचं तळोजा. त्या काळी शॉप फ्लोअरवर बाई अधिकारी हीच नवलाई होती. २०१६ मध्ये त्या युनिलिव्हरच्या जागतिक एचआर प्रमुख झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला आणि पहिल्या आशियाई. जानेवारी २०२२ पासून त्या फ्रान्सच्या शनेल कंपनीच्या सीईओ आहेत. एचआरमधून थेट कंपनीच्या सर्वोच्च पदावर जाणं फार थोड्यांना जमतं. तिथे पोचणाऱ्या माणसाने धंदा आतून पाहिलेला असावा लागतो, आणि एचआरवाल्याला तो आतून दिसण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे कारखाना.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण गूगलचं. तिथे अनेकांचा समज होता की चांगल्या इंजिनीअरला मॅनेजरची गरजच नसते. २००९च्या सुमारास कंपनीतल्या आकडेवारीच्या तज्ज्ञांनी हा समज तपासायला घेतला. त्या कामाचं नाव ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’. कामगिरीचे अहवाल, कर्मचाऱ्यांची मतं, मुलाखती एकत्र करून त्यांनी चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी शोधल्या. त्यात तांत्रिक कौशल्य सर्वांत शेवटी आलं. माणसाला नीट मार्गदर्शन करणं, त्याच्या कामात सतत हात न घालणं, त्याची विचारपूस करणं या गोष्टी वर आल्या. आयुष्यभर माणसं सांभाळलेल्या कुठल्याही फोरमनने हेच सांगितलं असतं. पण इंजिनीअरांच्या कंपनीत ते पटवायला पुरावा लागला आणि तो जमवायला संख्याशास्त्र जाणणारा स्पेशालिस्ट लागला.

६. कंपनी केवढी आहे?

‘माझा स्वभाव जनरलिस्टचा की स्पेशालिस्टचा’ यावर विद्यार्थी खूप विचार करतात. कंपनीच्या पटावर किती माणसं आहेत, हे मात्र विचारायचं राहून जातं. खरं तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

कायद्याचे आकडे पाहिले की हे कळतं. दहा माणसं झाली की ग्रॅच्युइटी, राज्य कामगार विमा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाली की पीएफ. पन्नास झाली की पाळणाघर. नव्या संहितेप्रमाणे अडीचशे कामगार झाले की वेल्फेअर ऑफिसर, तीनशे झाले की स्थायी आदेश. साठ-सत्तर माणसांच्या कंपनीत यातलं बरंच लागू असतं आणि ते करायला एचआरचा एकच माणूस असतो. तिथे स्पेशालिस्ट व्हायचं म्हटलं तरी जागा नाही. वीस हजारांच्या कंपनीत उलट: तिथे पहिली नोकरी बहुधा एकाच कप्प्यातली मिळते, आणि बाकीचं खातं कसं चालतं हे तीन वर्षांनंतरही माहीत नसतं.

गावाचाही विचार हवा, आणि तो करण्यात संकोच वाटू नये. पगाररचना, आकडेवारी, वरिष्ठांची भरती ही कामं मुख्यालयांत होतात. म्हणजे मुंबई, पुणे, बंगळुरू, गुरुग्राम. ज्याला नाशिकच्या सातपूर-अंबडला, कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा वाळूजला राहून आईवडिलांजवळ नोकरी करायची आहे, त्याला जनरलिस्टचीच वाट जास्त काळ साथ देते.

७. कुठलं आधी?

एकीकडून दुसरीकडे जाण्याचे दोन रस्ते सारखे नाहीत. आठ वर्षं फक्त भरती केलेल्या माणसाला प्लांटचा एचआर मॅनेजर व्हायचं असेल तर अडचण त्याच्या बुद्धीची नसते, पगाराची असते. तोवर त्याचा पगार त्या पदाइतका झालेला असतो, पण खातेनिहाय चौकशी कशी चालवतात, आरोपपत्र कसं लिहितात, कराराची बोलणी कुठे ताणायची आणि कुठे सोडायची हे त्याने पाहिलेलं नसतं. शिकाऊ माणसाला मॅनेजरचा पगार कोणी देत नाही. उलट दिशेने जाणं सोपं पडतं. प्लांटमध्ये चार-पाच वर्षं काढलेला माणूस पगाररचनेत किंवा प्रशिक्षणात गेला तर त्याला विषयाची खोली शिकावी लागते, पण तो विषय ज्या माणसांवर चालणार आहे ती त्याने पाहिलेली असतात. म्हणून आधी रुंदी, मग खोली हा क्रम बहुतेकांना सोयीचा. सरांचा सल्ला इथवर बरोबर आहे.

मैत्रिणीचं म्हणणं खरं ठरतं ते पाचव्या वर्षानंतर. तोपर्यंत जनरलिस्टने एकही विषय हातात घेतला नसेल तर तो खरोखरच बस, कँटीन आणि गेटपासमध्ये अडकतो. दहा वर्षांचा अनुभव म्हणून तो जे सांगतो, ते पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांचंच काम पाच वेळा केलेलं असतं. यावर उपाय प्लांटमध्येच असतो. वेतनकरार बहुधा तीन-चार वर्षांनी येतो. त्या वेळी प्रत्येक मागणीचा खर्च काढण्याचं काम मागून घ्यावं: युनियनने महिन्याला हजार रुपये मागितले तर पीएफ, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम धरून कंपनीला ते खरे कितीला पडतात? एक करार असा आकड्यांसकट हाताखालून गेला की पगाररचनेचा आणि औद्योगिक संबंधांचा, अशा दोन्ही विषयांचा पाया पडतो.

कुठला विषय धरावा, याबद्दल मतं वेगळी असू शकतात. भरतीत शिरकाव सोपा, पण मंदी आली की नव्या जागा थांबतात आणि पहिली कात्री तिथेच लागते. पगारपत्रक काढण्याचं निव्वळ काम सॉफ्टवेअरकडे आणि बाहेरच्या एजन्सीकडे चाललं आहे. पगाररचना सुरुवातीला कंटाळवाणी वाटते, मात्र ती नीट येणारी माणसं थोडी. औद्योगिक संबंधांकडे आजची मुलं पाठ फिरवतात, आणि ही सर्वांत मोठी चूक आहे. नव्या संहितेत ५१ टक्के कामगार सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकट्याने हक्क मिळतो, ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. चाकण, रांजणगाव, तळेगावच्या पट्ट्यात हे नियम प्रत्यक्षात आणणारी, कामगाराशी त्याच्या भाषेत बोलू शकणारी आणि कलमही अचूक सांगणारी माणसं लागणार आहेत. मराठी मुलामुलींना इथे जो फायदा आहे, तो दुसऱ्या कुठल्याच शाखेत नाही.

या क्रमाला अपवादही आहेत. संख्याशास्त्र किंवा मानसशास्त्रात आधीच उच्च शिक्षण घेतलेल्याने प्लांटमध्ये तीन वर्षं घालवायलाच हवीत असं नाही. त्याची खोली आधीच तयार आहे. ज्याला पुढे स्वतःची सल्लागार फर्म काढायची आहे त्यानेही विषय लवकर धरावा, कारण बाहेरचा सल्लागार लोक एका विषयासाठीच बोलावतात.

८. मुलाखतीत काय विचारावं

पदनामावर विसंबून राहू नये. ‘एचआर बिझनेस पार्टनर’ असं छापलेलं असतं आणि काम निघतं आयकार्ड वाटण्याचं. ‘टाइम ऑफिस असिस्टंट’ म्हणून लागलेला एखादा दुसऱ्या वर्षी चौकशी अधिकाऱ्याशेजारी बसलेला दिसतो.

प्लांटची ऑफर असेल तर विचारावं: कायम कामगार किती, कंत्राटी किती? युनियन आहे का, आणि चालू करार कधी संपतो? तो येत्या वर्षात संपत असेल तर पगार दोन-तीन हजारांनी कमी असला तरी ती नोकरी घ्यावी. एचआरमध्ये किती माणसं आहेत आणि वरचा माणूस नव्याला चौकशीत, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बरोबर नेतो का, हेही विचारावं. एका कप्प्यातली ऑफर असेल तर प्रश्न बदलतात: दीड-दोन वर्षांनी एचआरमधल्याच दुसऱ्या कामावर बदली मिळते का, आणि गेल्या काही वर्षांत ती कोणाला मिळाली? ‘आमचं तसं धोरण आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. बदली झालेला एखादा माणूस त्यांनी दाखवला तर ती शक्यता खरी आहे, आणि अशा कंपनीत भरतीपासून सुरुवात करायलाही हरकत नाही.